सीना हील (खलनायक) झाला आणि पाच महिन्यांत पुन्हा गोड झाला. कुस्तीच्या कथा इतक्या शिळ्या का?

पहिली_रांग (धागाकर्ता)

१ मार्च २०२५, टोरंटो, डब्ल्यूडब्ल्यूईचा एलिमिनेशन चेंबर इव्हेंट. वीस वर्षं लोक ज्याची वाट बघत होते ते झालं. कायम नायक राहिलेल्या जॉन सीनाने चॅम्पियन कोडी ऱ्होड्सला मिठी मारली आणि त्याच मिठीत खालचा फटका हाणला. बाजूला रॉक (सिनेमावाला ड्वेन जॉन्सन) उभा.

त्यानंतर जे घडलं ते फक्त क्रमाने मांडतो. ज्याच्याशी हा सौदा झाला तो रॉक रेसलमेनिया ४१ ला फिरकलाच नाही. २० एप्रिलला लास व्हेगासमध्ये सीनाच्या मदतीला आला कोण, तर ट्रॅव्हिस स्कॉट, रॅपर. एक खालचा फटका, एक बेल्टचा फटका, आणि सतरावं जेतेपद. मग 'बेल्ट घेऊनच निवृत्त होणार, कुस्तीची वाट लावणार' हा एकच प्रोमो (माइकवरचं भाषण) उन्हाळाभर. १ ऑगस्टच्या स्मॅकडाउनमध्ये साहेब परत चांगले. ३ ऑगस्टला समरस्लॅममध्ये कोडीकडून हार, लढत झकास, शेवटी सलोखा. १३ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये गुंथरसमोर टॅप करून (हार मानून) निवृत्ती.

सुरुवात आहे, शेवट आहे, मधलं गायब. रॉकने त्याला नेमकं काय देऊ केलं? त्याने ते का घेतलं? आणि मन पालटलं ते कशाने? एकाचंही उत्तर पडद्यावर मिळालं नाही. पैसा आहे, रिंगमधली माणसं पूर्वीपेक्षा तयारीची आहेत, मग कथेचीच बोंब का? लेखक कमी पडतायत की सगळी रचनाच अशी झालीय की दुसरं काही निघूच शकत नाही?

'अहो, ते सगळं ठरलेलं असतं' हे सांगायला येणाऱ्यांनी रांगेत मागे उभं राहावं.

नायट्रोवाला

तुलना हल्क होगनशीच करायला हवी. ७ जुलै १९९६, तेव्हाच्या प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यू कंपनीचा बॅश अॅट द बीच. होगन हील झाल्यावर रिंगमध्ये कचऱ्याचा पाऊस पडला. पण खरी कमाल पुढच्या दीड वर्षाची. दर आठवड्याला एनडब्ल्यूओ या होगनच्या टोळीत कोण जाणार ही धास्ती होती आणि प्रत्येकाकडे जाण्याचं कारण होतं. कंपनीचा नायक स्टिंग याच्यावर त्याच्याच साथीदारांनी संशय घेतला, म्हणून तो छतावर जाऊन बसला. १९९७ भर एकही लढत नाही, तोंडातून शब्द नाही, हातात फक्त बॅट. २८ डिसेंबरला स्टारकेड इव्हेंटमध्ये होगनशी लढत होईपर्यंत ताणलं. याला म्हणतात मधला भाग.

चितपट_चिंतामणी

आणि मग त्या स्टारकेडमध्ये काय माती खाल्ली तेही लिहा की!

नायट्रोवाला

लिहितो. ठरलं असं होतं की रेफरी निक पॅट्रिक होगनच्या बाजूने भराभर तीन मोजणार, मग ब्रेट हार्ट येऊन 'हा अन्याय चालणार नाही' म्हणत लढत पुन्हा सुरू करणार. प्रत्यक्षात पॅट्रिकने अगदी नेहमीच्या वेगाने एक, दोन, तीन मोजले. म्हणजे स्टिंग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सरळ हरला, आणि ब्रेट हार्ट नसलेल्या अन्यायाविरुद्ध ओरडत आला. सोळा-सतरा महिन्यांची बांधणी तीन सेकंदांत गेली. हॉल वॉशिंग्टनचाच, सीनाने टॅप केलं तोच. तेव्हा त्याचं नाव एमसीआय सेंटर होतं.

म्हणजे जुनं सगळं सोनं होतं असं म्हणायचं नाही. पण तिथे वाया घालवायला काहीतरी जमवलेलं तरी होतं.

कॅमेऱ्यामागून

लेखकांना शिव्या देण्याआधी घड्याळ बघा. रॉ हा डब्ल्यूडब्ल्यूईचा साप्ताहिक कार्यक्रम जानेवारी १९९३ मध्ये सुरू झाला तेव्हा एक तासाचा होता. १९९७ मध्ये दोन तास. जुलै २०१२ मध्ये हजारावा भाग झाला आणि तेव्हापासून २०२४ पर्यंत तीन तास, तेही दर आठवड्याला. शिवाय स्मॅकडाउन, एनएक्सटी आणि मोठे इव्हेंट वेगळे. वर्षाला ५२ आठवडे, सुट्टी नाही.

यातून लढतीचा साचा कसा तयार होतो बघा. जाहिरातीची वेळ आधी ठरलेली असते, त्यामुळे लढत तिच्याभोवती रचावी लागते. सुरुवातीला तीन-चार मिनिटं फेसची (नायकाची) सरशी. मग कोणीतरी रिंगबाहेर पडतो, दुसरा दोरांमधून त्याच्यावर झेप घेतो, कॅमेरा प्रेक्षकांकडे जातो आणि ब्रेक. परत येतो तेव्हा हीलने मागून हनुवटीला विळखा घातलेला असतो. फेस प्रेक्षकांच्या टाळ्यांवर उठतो, कोपराने तीन ठोसे, दोरावरून परत, दोन क्लोथलाइन (गळ्यावर आडव्या हाताचा फटका), एक नियरफॉल (तीन मोजायच्या आत निसटणं), फिनिश. एका रात्री सहा लढती आणि सहाही याच आराखड्यावर. पैलवान कितीही चांगला असो, प्रेक्षकाला ब्रेकआधीच्या झेपेची चाहूल आधीच लागते. आणि ब्रेकच्या आधी लढत संपणार नाही हेही त्याला पाठ झालेलं असतं, म्हणजे पहिली पाच मिनिटं बघायचं कारणच उरत नाही.

हीलतर्फे

साच्याला दोष देऊ नका. फेसची सरशी, हीलने डाव उलटवणं, मार खाणं, उसळी, शेवट, हा क्रम पन्नास वर्षांपूर्वीही होता. टॅग लढतीत अर्धमेला माणूस सरपटत कोपऱ्याकडे जातो, हीलचा जोडीदार रेफरीचं लक्ष दुसरीकडे नेतो, रेफरीला खरा टॅग दिसत नाही, आणि हॉल पेटतो. हे आजही चालतं. हे व्याकरण आहे, त्याने कंटाळा येत नाही.

कंटाळा येतो शेवटाचा. टीव्हीवरच्या लढतींचा ठरलेला शेवट असा: अ जिंकत आलाय. तेवढ्यात क चं संगीत वाजतं. अ वळून रॅम्पकडे बघतो. ब मागून गुंडाळतो, रोलअप, तीन. पुढच्या आठवड्यात हेच उलट, मग ब हरतो. हे का करतात? कोणालाच 'खरा' पराभव द्यायचा नसतो, कारण दोघेही पुढच्या महिन्यात लागणार असतात. हिशोब बरोबरीत राहतो आणि दोघेही होते तिथेच राहतात. वर्षभर एक जिंकला एक हरला केलं की शेवटी कोणाच्याही जिंकण्याला किंमत राहत नाही. त्यात जोडीला क ची पुढची लढतही फुकटात जाहीर होते, म्हणून बुकरला (निकाल ठरवणाऱ्याला) हे फार स्वस्तात पडतं.

पॉपकॉर्न_पाटील

तीस वर्षं झाली. संगीत वाजलं की हा वळतोच. एकानेही अजून इअरप्लग घातले नाहीत.

चितपट_चिंतामणी

रेफरीचं वेगळंच. खुर्ची आपटली तरी वळत नाही, पण मॅनेजर एप्रनवर चढला की लगेच गप्पा मारायला जातो.

दोरावरून_उडी

हीलतर्फे, शेवटांबद्दल सहमत, पण फिनिशरची (लढत संपवणाऱ्या खास चालीची) महागाई कोणीच काढली नाही. ऐंशीच्या दशकात जेक रॉबर्ट्सचा डीडीटी (डोकं मॅटवर आपटण्याची चाल) बसला की लढत संपली. आज डीडीटी हा दोन चालींमधला श्वास घेण्याचा प्रकार आहे. सुपरकिक (हनुवटीवरची लाथ) हा शॉन मायकल्सचा फिनिशर, त्याआधी कोपऱ्यात पाय आपटणं, प्रेक्षकांचं मोजणं. आता टॅग लढतीत एका मिनिटात सहा सुपरकिक बसतात आणि कोणी खाली पडत नाही. कॅनेडियन डिस्ट्रॉयर ही कोलांटीची चाल पीटी विल्यम्स टीएनए कंपनीत मारायचा तेव्हा लोक जागेवरून उडायचे. हल्ली लढतीच्या मध्यावर डिस्ट्रॉयर, आणि खाल्लेला गडी लगेच उठून उलटा मारतो.

रेसलमेनिया २५ मधली अंडरटेकर-मायकल्स अजून का अंगावर येते? टूमस्टोन या अंडरटेकरच्या फिनिशरमधून सहसा कोणी सुटत नव्हतं, म्हणून मायकल्सने दोनला खांदा उचलल्यावर अंडरटेकरचा चेहरा पडतो आणि आपलाही. दर रविवारी दोन-नऊ-दशांशला सुटायचं म्हटल्यावर त्या चेहऱ्याला अर्थ काय?

सुकांत_एल्बो

हा सगळा 'आमच्या वेळी' रडगाण्याचा धागा आहे. टेन स्पोर्ट्स, पत्त्यांसारखी ट्रम्प कार्डं, छाती किती इंच न वजन किती यावर भांडणं... वय दहा होतं म्हणून भारी वाटत होतं. आज तुम्ही मोठे झालात, कुस्ती तीच आहे.

पहिली_रांग

मग सामी झेनने २०२२-२३ मध्ये मोठ्या माणसांना कसं काय धरून ठेवलं?

घंटानाद

हाच मुद्दा लिहायला आले. ब्लडलाइन या रोमन रेन्सच्या टोळीतला सामीचा भाग उलगडून बघा, मधला भाग कसा लिहायचा ते कळतं. सामी चमचा म्हणून घुसला. रोमन रेन्स त्याला वापरतो, टोळीतल्या ऊसो जुळ्यांपैकी जिमी हसतो, पण जेला तो डोळ्यासमोर नको. सप्टेंबर २०२२ मध्ये रोमन त्याला 'ऑनररी ऊस'चा (मानद भावाचा) टीशर्ट देतो, आधी अंगातला जुना टीशर्ट काढायला लावून. सगळ्यांना वाटतं आता मारणार. २६ नोव्हेंबरला बॉस्टनमध्ये वॉरगेम्समध्ये सामी आपल्या जुन्या मित्राला, केव्हिन ओवेन्सला, खालचा फटका देतो, आणि जे त्याला पहिल्यांदा मिठी मारतो. २८ जानेवारी २०२३, रॉयल रंबल. ओवेन्स बांधलेला, सामीच्या हातात खुर्ची, रोमन म्हणतोय मार. तो रोमनच्या पाठीत घालतो. आणि कथेचा सगळा जीव नंतरच्या क्षणात आहे: बाकीचे सामीवर तुटून पडतात पण जे हात न लावता निघून जातो.

यात एकही नवी चाल नाही, एकही मोठा फिनिशर नाही. प्रत्येक आठवड्यात फक्त एका माणसाचं दुसऱ्याबद्दलचं मत थोडं बदललं, आणि मागच्या आठवड्यात घडलेलं पुढच्या आठवड्यात सगळ्यांच्या लक्षात होतं. सीनाच्या प्रकरणात नेमकं हेच नव्हतं. एप्रिलचा सीना आणि जुलैचा सीना यांत काडीचा फरक नव्हता, म्हणून १ ऑगस्टचं मनपरिवर्तन आभाळातून पडल्यासारखं वाटलं.

नायट्रोवाला

+१. पण तिथेही शेवट हुकला. १८ फेब्रुवारीला मॉन्ट्रियलमध्ये, सामीच्या घरच्या गावात, सामी हरला, का तर रेसलमेनियाला कोडी जिंकणार म्हणून. आणि २ एप्रिलला रोमनच्या टोळीतल्या सोलो सिकोआच्या लुडबुडीने कोडीही हरला. रोमनचा बेल्ट ३० ऑगस्ट २०२० पासून ७ एप्रिल २०२४ पर्यंत, १,३१६ दिवस. त्यातल्या उत्तरार्धातली जवळपास प्रत्येक लढत अशी: रेफरी आडवा, सोलो किंवा ऊसो येतो, स्पिअर (रोमनची धडक), तीन. पहिल्यांदा थरार, दहाव्यांदा हजेरीपट.

घंटानाद

सामी मॉन्ट्रियलमध्ये जिंकायला हवा होता हे मला पटत नाही. तो जिंकला असता तर सहा आठवड्यांत त्याला कोडीकडून हरवावं लागलं असतं, म्हणजे मॉन्ट्रियलची रात्र राहिली असती आणि सामी संपला असता. तो आणि ओवेन्स ऊसोंकडून टॅग बेल्ट घेतात, तेही रेसलमेनियाच्या पहिल्या रात्रीच्या मुख्य लढतीत, हाच त्या कथेचा खरा शेवट. कोडीचं एक वर्ष लांबवलं ते मात्र सोलोच्या मदतीने नको होतं.

खासबागकर

आमच्याकडची महाराष्ट्र केसरी बघा म्हणतो. २०२५ ला अहिल्यानगरला पंचाच्या निर्णयावरून जे झालं ते कुठल्या लेखकाने लिहिलं होतं सांगा.

पॉपकॉर्न_पाटील

ते ठरलेलं नव्हतं म्हणूनच इतकं वाईट लिहिलेलं होतं. 😄

बुकर_नाना

गाडी रुळावर आणतो. मला मोठं कारण टेरिटरी संपण्यात दिसतं. १९४८ मध्ये एनडब्ल्यूए ही प्रवर्तकांची संघटना झाली तेव्हापासून ऐंशीच्या दशकापर्यंत अमेरिका प्रवर्तकांत वाटलेली होती: मेम्फिस, पोर्टलंड, मिड-अटलांटिक, डलास वगैरे. पैलवान एका भागात सहा महिने ते वर्षभर राबणार, हील असेल तर शेवटी गावच्या फेसकडून सपाटून हरणार, अनेकदा 'हरेल तो गाव सोडेल' अशा लढतीत, आणि पुढच्या भागात नवा माणूस म्हणून उतरणार. तिथल्या प्रेक्षकाने त्याला कधी पाहिलेलं नसायचं. म्हणजे हरण्याला परिणाम होता, आणि शिळेपणावर औषध रचनेतच होतं. विन्स मॅकमेहनने १९८२ मध्ये वडिलांकडून कंपनी (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) घेतली आणि केबलच्या जोरावर हे सगळं गिळलं. आता हरलेला माणूस जाणार कुठे? सोमवारी पुन्हा तिथेच. रॉ आणि स्मॅकडाउन वेगळे करून टेरिटरीची नक्कल करायचा प्रयत्न २००२ ला आणि २०१६ ला झाला, पण दोन्ही वेळा कुंपणाला इतकी भोकं ठेवली की गुरं हवी तिथे चरत होती.

कॅमेऱ्यामागून

नानांच्या मुद्द्याला जोडून. तेव्हा बुकरला चूक आठवड्याभरात कळायची: शुक्रवारी हॉल अर्धा रिकामा. आज पैसे आधीच खात्यात. नेटफ्लिक्सशी रॉचा करार १० वर्षांचा, ५ अब्ज डॉलरच्या वर. मोठ्या इव्हेंटसाठी ईएसपीएनशी ५ वर्षं, १.६ अब्ज. सौदीचे पैसे २०१८ पासून. २०२७ चं रेसलमेनियाच रियाधला जाणार. मॅटच्या मधोमध प्रायोजकाचं चिन्ह. कथा फसली म्हणून यातला एकही चेक अडत नाही.

सुकांत_एल्बो

पण हॉल तर भरलेलेच आहेत. स्टेडियमची तिकिटं परवडेनात अशी झाली तरी विकली जातायत. लोकांना आवडतंय हो!

कॅमेऱ्यामागून

लोक येतात प्रवेशाच्या गाण्यावर गायला. जे ऊसोच्या एंट्रीला सगळा हॉल हात वरखाली करतो, आणि घंटा वाजल्यावर खाली बसून फोन काढतो. कंपनीने हे ओळखलंय, म्हणून एंट्री लांबतायत आणि टीव्हीवरच्या लढती आखडतायत.

हीलतर्फे

मोठ्या लढतींच्या प्रकारांची वाट कशी लावली तेही नोंदवून ठेवू. हेल इन अ सेल पहिल्यांदा ऑक्टोबर १९९७ ला झाली, अंडरटेकर विरुद्ध मायकल्स. पिंजऱ्याला छत कशासाठी? मायकल्सचे साथीदार सारखे मध्ये येत होते, त्यांना बाहेर ठेवायला. म्हणजे आधी भांडण, मग पिंजरा. २००९ पासून त्याच नावाचा इव्हेंट दर वर्षी, बहुतेकदा ऑक्टोबरला. मग कॅलेंडर सांगणार की पिंजरा आला, भांडण शोधा. २०१९ ला कळस झाला: सेथ रोलिन्स विरुद्ध फीन्ड, आणि ज्या लढतीत अपात्र ठरवण्याची सोयच नाही ती रेफरीने 'फार मारतोयस' म्हणून थांबवली. प्रेक्षकांनी पैसे परत मागत हॉल डोक्यावर घेतला. तो इव्हेंट २०२२ नंतर बंद केला, हे मात्र शहाणपण.

बेल्टचंही तेच. पूर्वी तीन-चार होते. आता दोन जागतिक, इंटरकॉन्टिनेन्टल, यूएस, त्याच चारांच्या महिला आवृत्त्या, पुरुषांचे दोन टॅग, महिलांचा एक. एनएक्सटी वेगळं. कोण कशाचा चॅम्पियन हे समालोचकाने सांगितल्याशिवाय कळत नाही.

दोरावरून_उडी

आणि भारतीय वंशाच्या चॅम्पियनचं प्रकरण? जिंदर महाल एप्रिल २०१७ पर्यंत बहुतेक सगळ्यांकडून हरत होता. एका सहा जणांच्या लढतीत जिंकून आव्हानवीर, आणि २१ मे ला ऑर्टनला हरवून थेट चॅम्पियन. मधे पायरीच नाही. मग बहुतेक बचाव त्याच्या साथीदार सिंग बंधूंच्या लुडबुडीने. जुलैत पंजाबी प्रिझनमध्ये खलीला आणलं. सगळा खटाटोप इकडच्या बाजारासाठी म्हणावा, तर ७ नोव्हेंबरला मँचेस्टरमध्ये बेल्ट एजे स्टाइल्सला दिला, आणि ९ डिसेंबरला दिल्लीत जिंदर बेल्टशिवाय आला आणि ट्रिपल एचकडून हरला.

चितपट_चिंतामणी

स्वयंवर लावलं आणि नवरदेवाला महिनाभर आधी घरी पाठवलं.

जपानी_रेडिओ

डब्ल्यूडब्ल्यूईची प्रतिस्पर्धी एईडब्ल्यू, तिचं नाव कोणी घेत नाहीये म्हणून. तिची कॉन्टिनेन्टल क्लासिक स्पर्धा बघा, २०२३ पासून दर हिवाळ्यात. बारा जण, सहा-सहाचे दोन गट, विजयाला ३ गुण, बरोबरीला १, वेळ २० मिनिटं, रिंगबाजूला कोणालाही मज्जाव. एवढ्या एका नियमाने लुडबुडीचा शेवट बाद झाला. शिवाय घड्याळ खेळात उतरतं: सतराव्या मिनिटाला ज्याला ३ गुण हवेतच तो धोका पत्करतो, ज्याला १ पुरतो तो वेळ काढतो. कोणी लिहून न देता पात्र उभं राहतं. कल्पना जुनीच, न्यू जपान या कंपनीच्या जी-वन स्पर्धेत विजयाला २ गुण.

हीलतर्फे

एईडब्ल्यूने दोरावरून उडीसाहेबांची सुपरकिकची तक्रारही सर्वांत जास्त खरी करून दाखवलीय. पण हो, स्पर्धा चांगली.

बुकर_नाना

उपाय विचारलेत तर माझे दोन. पहिला, टीव्हीवर दहापैकी सात निकाल सरळ लावा. हरणारा संपत नाही. गुंथरने इंटरकॉन्टिनेन्टल बेल्ट ६६६ दिवस ठेवला, जवळपास सगळे बचाव स्वच्छ, आणि त्याच्याकडून हरलेला शेमस आधीपेक्षा मोठा झाला, कारण सप्टेंबर २०२२ ला कार्डिफमध्ये दोघांनी एकमेकांची छाती लाल होईपर्यंत चापट्या मारल्या. दुसरा, प्रत्येकाला वर्षात दहा-बारा आठवडे सक्तीने पडद्याबाहेर ठेवा, पाळीपाळीने. सगळ्यांना एकदम सुट्टी करार देणार नाहीत, पण पाळ्या लावायला कोण अडवतंय? हरलेल्याला जायला जागा मिळेल, आणि परत येताना टाळी मिळेल. दुखापतीमुळे बाहेर गेलेला माणूस परतल्यावर छप्पर उडतं ते यामुळेच, तेवढ्यासाठी गुडघा फुटायची वाट कशाला बघायची?

पहिली_रांग

म्हणजे बहुमत रचनेच्या बाजूने दिसतंय. तरी लेखकांना इतक्या सहज सोडू नये असं मला वाटतं. घंटानाद यांनी सांगितलेला सामीचा भाग याच दर आठवड्याच्या घड्याळात, याच जाहिरातींत, याच पगारी करारांत झाला ना? मग सीनाच्या वेळी कोणाचे हात धरले होते?

घंटानाद

रॉकचं वेळापत्रक. सामी, जे, ओवेन्स दर आठवड्याला हजर होते. सीनाच्या निवृत्तीच्या वर्षाच्या तारखा मोजक्या, रॉकची तर एकही पक्की नाही. जो माणूस पुढच्या भागात असेल याची खात्री नाही त्याच्यावर कथेचं कारण टांगलं, आणि तो गेल्यावर कारण बदलायला कोणी बसलं नाही. दोन ओळींत सुटलं असतं: सीनाने रॉकलाही फसवलं. मार्चमध्येच.

जपानी_रेडिओ

हे लिहून पाठवा त्यांना.

पॉपकॉर्न_पाटील

पाठवू नका, वाचता वाचता कोणाचं तरी संगीत वाजेल.